कोमट ठेवलेल्या बाटल्या

हे मी आज्यांसाठी लिहिते आहे. आयांना सांगायची गरज नाही. त्या दहा ठिकाणी वाचून, दोघा डॉक्टरांना विचारून मग बाटलीला हात लावतात. आपण वाचत नाही, कारण आपल्याला सगळं येतं. मला तर जरा जास्तच येत होतं. त्यापायी माझी नात पाच आठवड्यांची असताना मरता मरता वाचली.

लिहायला बसले तेव्हा माझा मुलगा मंदार म्हणाला, "आई, कशाला? चार लोकांत शोभा." मी म्हटलं, शोभा व्हायची ती होऊन गेली, आता निदान कुणाच्या उपयोगी पडू दे. यात गोड काही नाही. ज्यांना गोड वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं.

दूध बंद झालं

आम्ही बेंगळुरूत, बसवनगुडीला राहतो. माझे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. लग्न करून त्यांच्यामागे आले आणि इथलीच झाले. ते जाऊन चार वर्षं झाली. मंदार आणि त्याची बायको केतकी दोघंही कोरमंगलात कंपनीत आहेत. केतकी पुण्याची. मी इथल्यासारखं 'स्वल्प थांब', म्हणजे जरा थांब, म्हटलं की आधी ती हसायची, आता भाजीवाल्याकडे तीच 'स्वल्प कमी करा' म्हणते. ती मला घाबरायची नाही आणि मला ते आवडायचं. आमचं बरं चाललं होतं.

नोव्हेंबरात मुलगी झाली. तिसऱ्या आठवड्यात केतकीच्या छातीत गळू झालं. ताप एवढा की दात वाजत होते. बाळ अंगावर घेतलं की ती उशी दातात धरायची. शेवटी चीर द्यावी लागली. जखम शिवत नाहीत, उघडी ठेवतात आणि रोज आत पट्टी भरतात. रोज सकाळी ती त्यासाठी जायची आणि पांढरीफटक होऊन परत यायची. त्या धक्क्यात दूध आटलं. म्हणून पावडरचा डबा घरात आला.

केतकीने फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. मोठ्या अक्षरात, मराठीत, मला चष्म्याशिवाय वाचता यावा म्हणून. एका वेळी एकच बाटली करायची. पाणी उकळलं की अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर घालायची, मग बाटली नळाखाली धरून गार करायची. करून ठेवायचीच वेळ आली तर लगेच गार करून फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला.

मी वाचलं. 'फ्रिजमध्ये' या शब्दाशी आले आणि माझं डोकं तडकलं. जेमतेम महिन्याची पोर, थंडीचे दिवस, आणि तिला फ्रिजमधलं शिळं दूध?

या एका शब्दावर सगळं उलटलं, म्हणून जरा सांगते. शिळं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कालचं. पण मनातून माझ्या लेखी शिळं म्हणजे गार. फ्रिजमधून निघालेली आमटी शिळी, आणि सकाळी डब्यात भरलेली पोळी दुपारी कोमट निघाली की ताजी. हाताला ऊब लागली की अन्न ताजं. माझ्या आईचं हेच, माझ्या सासूचं हेच. आपण अन्न हातानेच ओळखतो आणि हात चुकला तर ते कळत नाही.

माझी हुशारी

बेंगळुरूच्या डिसेंबरात दही लागत नाही. शेजारच्या ललितक्कासुद्धा कुरकुरतात. माझं मात्र लागतं. कोमट दुधाला विरजण लावायचं, पातेली पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये ठेवायची, तळाशी थोडं गरम पाणी, वर झाकण, वरून जुनी शाल. दुपारपर्यंत सुरीने कापावं असं दही. गल्लीत माझं नाव आहे त्याबद्दल.

मी बाटल्याही तशाच ठेवल्या.

केतकी सकाळी पट्टीसाठी बाहेर पडली की मी पहाटेच उकळून कोमट झालेल्या पाण्यात तीन बाटल्या एकदम करायचे. गरम पाणी वापरायला हात धजत नसे, पोरीचं तोंड भाजेल म्हणून. तिन्ही बाटल्या कॅसरोलमध्ये उभ्या, तळाशी गरम पाणी, वर शाल. आठ वाजता केलेली बाटली पोर कधी अकराला, कधी दीडला प्यायची. मनगटावर थेंब टाकला की कसा अगदी बेताचा. मला फार बरं वाटायचं. आपण असल्यामुळे या घरात मुलीला ताजं दूध मिळतंय, असं मी ललितक्काला सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, "अक्का, तुमच्या हाताला तोड नाही." असे नऊ दिवस गेले.

केतकीला माहीत नव्हतं का? नव्हतं. दुपारी ती यायच्या आत मी कॅसरोल धुऊन ठेवायचे. म्हणजे मला कुठेतरी कळत होतं की हे लपवायचं आहे. हेही लिहायचंच आहे.

त्या दिवशी

सकाळपासून पोर बाटली घेईना. अकरा वाजले, मी तिला मांडीवर घेतलं. तोंड फिरवलं. मी गाल दाबून तोंड उघडलं आणि निपल आत कोंबलं. तिने ओकलं. मी पुसलं आणि परत कोंबलं. "हट्टी आहेस," म्हटलं मी तिला, "आईवर गेलीस." तिसऱ्यांदा कोंबलं तेव्हा ती रडली, पण तो आवाज तिचा नव्हता. मांजराच्या पिल्लाला दारात चिमटलं तर येईल तसा बारीक, लांबणारा. अंगाला हात लावला तर कढत.

मग तिचं अंग ताठ झालं. पाठ धनुष्यासारखी मागे वाकली, डोळे एका कोपऱ्यात जाऊन अडकले, आणि उजवा हात झटके खायला लागला. ओठ जांभळे. मी तिला हलवलं. गदागदा हलवलं, खरं सांगते. मी किंचाळले असेन, कारण ललितक्का दारात आल्या, आणि त्यांच्यामागून केतकी आली, त्या दिवशी तिची पट्टी लवकर झाली होती. तिने पिशवी टाकली, पोर माझ्या हातातून ओढून घेतली आणि अनवाणीच जिना उतरली. मी मागे धावले.

रिक्षात ती बाळाला छातीशी इतकं घट्ट धरून बसली होती की ताजी पट्टी सरकली. कुडत्यावर रक्त आलं, बाळाच्या टोपीला लागलं. तिला पत्ता नव्हता. ती एकच ओरडत होती, "अण्णा, बेग होगी! बेग!" लवकर चला, लवकर. सिग्नलला गाड्यांची भिंत. रिक्षावाल्याने मागे वळून एकदा पाहिलं आणि रिक्षा फुटपाथवर चढवली. एका स्कूटरचा आरसा उडाला. स्कूटरवाला आईवरून शिव्या देत मागे धावला, आमच्या रिक्षावाल्याने दुप्पट दिल्या आणि थांबला नाही. त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं.

सुया

हॉस्पिटलात पोर हातातून हिसकावून घेतात. रागाने नाही, पण हिसकावूनच. फटाफट कपडे कापले. दोघी सिस्टर हातपाय दाबून धरायला. शीर सापडेना. हातात टोचलं, फुटली. पायात टोचलं, फुटली. मग डोक्यावरचे केस एका बाजूने भादरले आणि कपाळाच्या वर टोचलं. तीही गेली. चौथ्या वेळी त्या तरुण डॉक्टरने सुई उचलली आणि मी त्याच्या हातावर फटका मारला. सुई उडून पडली. तो कन्नडमध्ये ओरडला, मी त्याहून मोठ्याने ओरडले, आणि सिक्युरिटीच्या माणसाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. त्या पोराचा काही दोष नव्हता. घामाने त्याचा चष्मा घसरत होता.

मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं म्हणाले. मुलाला गुडघे आणि हनुवटी एकत्र आणून घडी घालतात आणि दाबून धरतात. दार बंद होतं, पण आवाज दाराखालून येतो. मी बाहेर भिंतीला कपाळ लावून उभी होते. केतकी शेजारी होती. तिने माझा हात धरला. ती मला म्हणाली, "आई, घाबरू नका."  तेव्हा तिला माहीत नव्हतं.

मेंदूच्या आवरणाला सूज, असं निदान झालं. मंदार कोरमंगलाहून दीड तासाने पोचला. मोठ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला तिघांना बसवून सांगितलं की पुढचे तीन दिवस काहीही होऊ शकतं. वाचली तरी डोळे, कान, हातपाय, डोकं, यातलं काय जाईल ते आज सांगता येणार नाही. मंदारने विचारलं, "म्हणजे वाचेल ना?" डॉक्टर म्हणाल्या, "आज सांगता येणार नाही."

मोसरू

तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर पन्नाशीच्या, कन्नड, कमी बोलणाऱ्या. केतकीशी इंग्रजीत बोलायच्या आणि माझ्याशी कन्नडमध्ये. त्यांनी विचारलं, पावडरचं दूध कोण करतं?

मी पुढे झाले. मला वाटलं, आता माझी बाजू मांडायची वेळ आली. मी सांगितलं, सगळं मीच करते, पाणी उकळूनच घेते, बाटल्याही उकळते, एक दिवस चुकले नाही, आणि मुलीला कधी गार थेंब दिला नाही. कायम कोमट.

"कोमट कसं ठेवता?"

मी सांगितलं. कॅसरोल, गरम पाणी, शाल.

त्यांनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "अज्जी, मोसरू हेगे माडतीरा?" दही कसं लावता?

"बेच्चगे इडतीनी," मी म्हटलं. ऊबेत ठेवते.

 मला पुढचं कुणी सांगायची गरज राहिली नाही. दूध, ऊब, झाकण, चार-पाच तास. मी नऊ दिवस पोरीसाठी विरजण लावत होते, फक्त आत काय वाढतंय ते मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तरीही शांतपणे सगळं सांगितलं. पावडर डब्यात बंद असली तरी निर्जंतुक नसते. त्यात क्वचित एखादा जंतू कोरडा पडून असतो. खूप गरम पाण्याने तो मरतो. कोमट पाण्याने मरत नाही, उठतो, आणि ऊबेत ठेवला तर वाढत जातो. मोठ्या माणसाला काही होत नाही, एवढ्या लहान जिवाला पुरतं. "शंभर टक्के यातूनच आलं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण हा जंतू बहुतेक वेळा याच वाटेने येतो."

मी केतकीकडे बघितलं. मला वाटलं, आता मारेल. मारावं, असंही वाटलं. तिने मला हात लावला नाही. तिने मूठ आवळली आणि स्वतःच्या छातीवर हाणली, जिथे जखम होती तिथेच. "हे आटलं नसतं तर," म्हणाली, आणि परत हाणली. मंदारने हात धरेपर्यंत तिने तिसऱ्यांदाही हाणलं. पट्टीतून रक्त बाहेर आलं. सिस्टर धावल्या. तिला नेताना ती वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही घरी जा. वर येऊ नका."

वरवंटा

घरी मंदार मला सोडायला आला. स्वयंपाकघरात कॅसरोल ओट्यावर उपडा वाळत होता. पहिल्या रात्री घरी आले तेव्हा माझ्याच हाताने मी तो धुऊन ठेवला होता. मंदारने कोपऱ्यातला वरवंटा उचलला. माझा मुलगा झुरळ मारायलासुद्धा वडिलांना हाक मारायचा. त्याने तो कॅसरोल खाली ठेवला आणि वरवंट्याने ठेचायला लागला. आधी झाकण फुटलं, मग कडा चेपल्या, मग आतला पिवळा फोम भुश्यासारखा सगळीकडे उडाला. फरशीला तडा गेला तरी तो थांबेना. प्रत्येक घावाला "का?" म्हणत होता. का, का, का. मी दारात उभी होते. एक घाव माझ्यावर पडला असता तर मी बाजूला झाले नसते.

मग तो फोमच्या भुश्यात बसून रडला. मी जवळ गेले तर म्हणाला, "नको, आई. आत्ता नको." मी केरसुणी आणली आणि झाडून काढलं.

संध्याकाळी मी स्वतःला मारलं. आरशासमोर उभी राहून थोबाडीत मारून घेतलं, दोन्ही हातांनी, गाल सुजेपर्यंत. त्याने काहीही होत नाही. कुणाला मोह झाला तर सांगते, करू नका. दुसऱ्या दिवशी तोंड दुखतं आणि पोर तिथेच असते.

खालचा बाक

इंजेक्शनं एकवीस दिवसांची होती. वर जायचं नाही म्हटलं होतं, म्हणून मी खाली लिफ्टजवळच्या बाकावर बसायला लागले. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी पाचला परत यायचे. डबा मंदार वर न्यायचा. पहिले सहा दिवस तो तसाच परत आला. भात दगड झालेला. सातव्या दिवशी पोळी अर्धी खाल्लेली होती आणि मी त्या बाकावर बसून डब्याला धरून रडले.

भीतीबद्दल लोक फार छान लिहितात. माझी भीती घाणेरडी होती. मी देवाला म्हणायचे, मला ने आणि तिला ठेव. मग वाटायचं, आणि ठेवलीस, पण आंधळी ठेवलीस तर? वेडी ठेवलीस तर? आणि मग, ती मोठी होऊन मला विचारेल तेव्हा मी जिवंत असू नये, असं मागायचे. म्हणजे त्यातही स्वतःसाठीच. लिफ्टचं दार उघडलं की मी खाली फरशीकडे बघायचे. मंदारचे बूट आधी दिसायचे. बूट सावकाश आले तर आज काही झालेलं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

वरच्या एका सिस्टरला माझं कसं कळलं कोण जाणे. दुपारी चहाला खाली आली की ती दोन मिनिटं माझ्यापाशी थांबायची. एक दिवस म्हणाली, "अज्जी, आज झटका आला नाही." दुसऱ्या दिवशी, "आज डोळ्यांनी माझा हात बघितला." बाराव्या दिवशी ती हसत आली. सुईवरची पट्टी बदलताना पोरीने तिच्या हनुवटीवर लाथ मारली होती. तिने मला लाल झालेली जागा दाखवली. मी त्या मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्या हनुवटीचा मुका घेतला. भर लॉबीत. लोक बघत होते.

कुठल्याही आजारपणात असा एखादा माणूस भेटतो. त्याला धरून ठेवा. डॉक्टर आजाराबद्दल सांगतात, हा तुम्हाला आज दिवसभर पुरेल एवढंच सांगतो.

आता पाठ करा

पोर घरी आली. एका बाजूने केस नाहीत, हातापायांवर हिरवे-काळे डाग, पण भूक लागली की घर डोक्यावर घेणारी. केतकी माझ्याशी कामापुरतं बोलायची. बाटली करताना मला स्वयंपाकघरात यायची बंदी होती. मी उंबऱ्यापाशी उभी राहून बघायचे. तिने जा म्हटलं नाही. महिनाभर मी तशी उभी राहून शिकले. जे शिकले ते सांगते, आणि तुमच्या डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या, कारण काही डब्यांवर कोमट पाणी असंच लिहिलेलं असतं.

हात साबणाने धुवायचे. बाटली, निपल, झाकण, सगळं ब्रशने घासून मग उकळायचं. पाणी खळखळून उकळलं की घड्याळ बघायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. तेव्हा ते हाताला सोसत नाही एवढं गरम असतं, आणि तसंच हवं. आधी पाणी, मग पावडर. चमचा त्या डब्यातलाच, सपाट, जेवढे लिहिलेत तेवढे. आपल्या प्रेमापोटी एक जास्त नाही आणि पातळ करायला एक कमीही नाही. बाटली हलवून नळाच्या धारेखाली किंवा गार पाण्याच्या भांड्यात धरायची. मनगटावर थेंब टाकायचा. आता कोमट. कोमट करायचं ते पाजताना, ठेवताना नाही.

केली की लगेच पाजायची. केल्यापासून दोन तासांत संपली नाही तर ओतायची. एकदा तोंडाला लागली की तासाभरात, उरलेली ओतायचीच. आपल्याच्याने दूध ओतवत नाही, मला माहीत आहे. डोळे मिटा आणि ओता. करून ठेवायचीच असेल तर लगेच गार करून फ्रिजमध्ये आत, दारात नाही, आणि एक दिवसाच्या वर नाही. काढली की एकदाच गरम, पंधरा मिनिटांच्या आत. बाहेर जायचं असेल तर थर्मासमध्ये नुसतं उकळतं पाणी न्या आणि पावडर वेगळी. मिसळलेलं दूध थर्मासमध्ये, कॅसरोलमध्ये, शालीत, काखेत, कुठेही ऊबेत ठेवायचं नाही. आणि सुनेने कागद चिकटवला तर तो वाचून तसं करा. तिचा अपमान नाही, तुमचाही नाही.

डावा कान

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळे ठीक, हातपाय ठीक, कानाची तपासणी मात्र करू. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. केतकीने तिथेच थर्मासच्या पाण्याने बाटली केली, पाजली, पोर तिच्या मांडीवर झोपली. डोक्याला तारा चिकटवल्या, कानात छोटं यंत्र घातलं. आतून टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूने ऐकलं की पडद्यावरची रेघ उसळते. उजव्या कानाला रेघ उसळली. डाव्या कानाला ती सरळ राहिली. तंत्रज्ञाने आवाज वाढवला, परत वाढवला. रेघ सरळच.

तीन महिन्यांनी पुन्हा केली. तेच. डावा कान गेला आहे, उजवा उत्तम आहे, बोलेल, शिकेल, सगळं करेल, असं डॉक्टर म्हणाल्या. मंदार म्हणाला, "वाचली ना, बास."  परतीच्या गाडीत केतकीने पोरीच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगत राहिली, घर येईपर्यंत. काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही.

बारसं

या सगळ्यात मुलीचं नावच ठेवायचं राहिलं होतं. सहाव्या महिन्यात बारसं केलं. पुण्याहून विहीणबाई आल्या, गल्लीतल्या बायका आल्या, ललितक्कांनी मोगरा आणला. मंदारला बहीण नाही, म्हणून आत्याच्या मानासाठी त्याची चुलत बहीण म्हैसूरहून आली होती. ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आत्या वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' करते, नाव सांगते, आणि मागे उभ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. गमतीचे.

मी मागे भिंतीशी उभी होते. आत्या पुढे झाली तेवढ्यात केतकी म्हणाली, "नाव आई सांगतील."

विहीणबाई म्हणाल्या, "अगं, पण आत्या असताना..."

"आई सांगतील," केतकी म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी पुढे गेले. पाळणा भिंतीला असा लावला होता की डावा कान आमच्या बाजूला येत होता. मी म्हटलं, पाळणा फिरवा. कुणीतरी म्हणालं, "अहो, कुठल्याही कानात चालतं."

"आमच्याकडे नाही चालत," मी म्हटलं.

पाळणा फिरवला. मी वाकले, उजव्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि म्हटलं, "रेवा." तिने डोळे माझ्याकडे वळवले. तिने ऐकलं. मी तिच्याकडे बघतच होते तेवढ्यात धपाटे सुरू झाले. पहिला ललितक्कांचा, हलका, बांगड्यांच्या आवाजाचा. दुसरा आत्याचा. बायका हसत होत्या.

तिसरा मुठीचा होता. दोन खांद्यांच्या मधोमध, पूर्ण ताकदीने. माझा श्वास गेला, कपाळ पाळण्याच्या दांडीवर आपटलं. मागे न बघता मला कळलं तो कुणाचा. बायका अजून हसतच होत्या. चौथा त्याच हाताचा, पाचवाही. मग हसणं थांबलं. विहीणबाई "केतकी!" म्हणाल्या, आणि मंदार पुढे येत होता ते मला दिसलं. मी त्याला हाताने थांब म्हटलं. मागून तिचा हुंदका ऐकू आला, आणि त्यासोबत पाठीत आणखी एक बसला. हॉस्पिटलात माझा हात धरला होता, त्यानंतर तिने पहिल्यांदाच मला हात लावला होता. मी दोन्ही हातांनी दांडी धरली आणि अजून थोडी खाली वाकले, तिचा हात नीट पोचावा म्हणून.